उडालेला तिसरा टेक

मी आवाज काढतो. दुसऱ्यांचे. शाळेत हेडसरांचा काढला तवा वर्गात मार खाल्ला, अन् गॅदरिंगला तोच काढला तर त्याच हेडसरांनी शाल घालून सत्कार केला. आवाज तोच, नुसती जागा बदलली. हे मला आठवीतच नीट कळायला पाहिजे होतं. कळलं ते नांदेडला, बारा वर्षांनी, अन् तवा लई उशीर झाला होता.

लातूरला आमचा बँड हाय. बँड म्हणलं की लोकांना वरात दिसते, लाल कोट, बेंजो, घोड्यापुढं नाचणारे मेव्हणे. आमचा तसला न्हाई. दोन गिटारी, एक ड्रम अन् गाणारा. चौघंबी साठीच्या पुढचे. मी पाचवा, पण मी वाजवत न्हाई. दोन गाण्यांच्या मधी तारा जुळवायला वेळ लागतो, तेवढ्यात पब्लिक उठून जाऊ नये म्हणून मी.

गाणारे आप्पा. गोलाईजवळ त्यांचं भांड्यांचं दुकान हाय. गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, अन् आवाज आसा की स्टीलच्या पिंपात खडे टाकून हलवलेत. गिटारवाले मास्तर, औश्याचे. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. ड्रमवर चाचा. अन् जाड तारांची गिटार, म्हणजे बेस, वाजवणारे वायरमन. लाईटच्या खात्यातून रिटायर झाले तरी नाव तेच राहिलं.

हे वाजवतात त्याला ब्लूज म्हणतात. चाचा म्हणतात बुलूज. तरुणपणी मास्तर रेडिओचं काम शिकायला सिकंदराबादला होते. तिथं रेल्वेतल्या एका म्हाताऱ्याकडून गिटार शिकले अन् येताना कॅसेटींची पिशवी घेऊन आले. इंग्लिश कुणालाच कळत नव्हतं. आप्पा सांगतात, "आमाला येवढंच कळलं बग, माणूस रडलालाय, पर पाय ठेका धरलालाय." तेवढ्या कळण्यावर ह्यांनी चाळीस वर्षं काढली. एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, मग तिसरी जोडायची. गाणी आपली: चुकलेली एस्टी, गेलेली लाईट, पुण्याला लेकाकडं राहायला गेलेली बायको. रेणापूरला एका म्हाताऱ्यानं कार्यक्रम संपल्यावर आप्पाला हात जोडून सांगितलं, "इंग्लिश भजन लई चांगलं झालं बगा."

माझा हातखंडा आयटम म्हणजे 'पाच गावचं हो'. पुण्याचा माणूस 'हो' म्हणतो, ओठ पुरते न उघडता. धर्माबादच्या मिरचीबाजारात तेलुगू 'अवुनु', म्हणताना एक शिंक धरायची. उदगीरला कानडी 'हौदु'. चाचाच्या घरी 'हौ'. अन् आमच्यात 'हाव'. पुस्तकात हाव म्हणजे लालच, आमच्यात हाव म्हणजे कबूल. शेवटी मी आप्पाचा हाव काढायचो. आधी घशात बारीक खर्र, मग लांब हा, अन् व अर्धा गिळलेला. पब्लिक मान वळवून आप्पाकडं बघायचं. आप्पाबी हसायचे. एकदा मी त्यांच्याच आवाजात त्यांच्या घरी फोन केला, "दोन पाव्हणे घेऊन येलालो." काकूंनी खरंच जास्तीची कणीक मळली. मग मलाच पाव्हणा करून जेवायला घातलं अन् वर म्हणल्या, "तुझ्या जिभेला हाड न्हाई रं." मला ते कौतुकच वाटलं.

आता मेन गोष्ट. आप्पा अन् मास्तर एकमेकांशी बोलत नव्हते. एकोणीस वर्षं. एका स्टेजवर, एका जीपमधी, एका ताटलीतली भजी खात, पण बोलणं न्हाई. कारण मला चाचांनी सांगितलं. आधी दोघं मिळून गायचे. आप्पाची ओळ संपली की मधल्या मोकळ्या जागेत मास्तर खालच्या सुरात 'हाव' म्हणायचे. नुसता हाव. म्हणजे, होय बाबा, तू म्हणलालास तसंच आसतंय. लोक त्या हावसाठी यायचे म्हणे. मग उदगीरच्या एका कार्यक्रमाला कॅसेट काढणारे लोक ऐकायला आले. मास्तरला ताप होता, सूर घसरला. आप्पांनी माईकवाल्याला हातानं खूण केली अन् त्यानं मास्तरचा माईक बंद केला. मास्तर दोन गाणी बंद माईकवर गायले. पुढच्या रांगेतली पोरं हसायला लागली तवा त्यांना कळलं. कॅसेट तर निघालीच न्हाई.

त्या दिवसापासून मास्तरनं गिटार सोडली न्हाई, पण तोंड मिटलं. हावच्या जागेवर गिटारचा एक सूर ठेवून द्यायचे. बोलायचं आसलं तर चाचाला.

"चाचा, त्यांना सांगा, पट्टी उतरवा."

आप्पा हातभर अंतरावरच बसलेले. "चाचा, त्यांना सांगा, उतरवली."

"मैं पोस्टमन हूँ क्या रे?" चाचा ओरडायचे. "दोनों को कान हैं, नईं हैं?"

मी ह्या तिघांची नक्कल घरी करून दाखवायचो. आई पोट धरून हसायची. मला कधी वाटलंच न्हाई की हसण्याच्या खाली काही हाय.

गेल्या वर्षी आप्पाचा घसा धरायला लागला. डॉक्टर म्हणले, गाणं कमी करा. आप्पा दुकानात बसून म्हणले, "चाळीस वर्स बोंबललो, अन् मागं काय? लोकाच्या मोबाईलात धा सेकंद, त्येच्यात बी माझ्यापरीस गर्दीच जास्ती." म्हणून आल्बम करायचा ठरला. दहा गाणी, नीट, स्टुडिओत. स्टुडिओ नांदेडचा, कारण तिथला रेकॉर्डिंगवाला वायरमनच्या मेव्हण्याच्या ओळखीचा.

क्रूझर जीप करून गेलो. गिटारी मांडीवर, ड्रम टपावर. अहमदपूरला चहा, लोह्याला परत चहा. आप्पा पुढं ड्रायव्हरशेजारी अन् मास्तर एकदम मागं. मधी चाचा, पोस्टात.

स्टुडिओ एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. एक मोठी खोली वाजवायची, तिच्या शेजारी छोटी खोली मशीनची, मधी काच. रेकॉर्डिंगवाला भाऊ तिशीतला, सकाळ-संध्याकाळ देवीची गाणी, जयंतीची गाणी, निवडणुकीच्या रिक्षावरची गाणी करणारा. त्यानं आधी चाचाच्या कानाला हेडफोन लावला, टिक टिक टिक.

"ह्या ठोक्यावर वाजवा चाचा."

चाचा दोन मिनिटं वाजवले अन् हेडफोन काढून ठेवला. "ये घड्याल हैं. मैं घड्याल पे नईं बजाता. मैं उनके पाँव पे बजाता."

खरं होतं ते. चाचा कायम आप्पाच्या उजव्या पायाकडं बघून वाजवायचे. आप्पा चप्पल काढून गायचे, अंगठा आपटायचे, अन् गाण्यात जिथं जीव अडकायचा तिथं अंगठा थोडा थांबायचा. सगळा बँड तिथं थांबायचा. हे टिकटिकमधी बसत नव्हतं. मग ठरलं, सगळ्यांनी एका खोलीत, एकदमच वाजवायचं. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. आशा एका खेपेला भाऊ टेक म्हणायचा. कुणाचा आवाज वेगळा काढता यायचा न्हाई, सगळ्यांचे आवाज सगळ्यांच्या माईकमधी शिरलेले. भाऊ कपाळाला हात लावून म्हणला, "काका, तुम्ही आल्बम करून राहिले का पंगत बसवून राहिले?"

आणखी एक. काचेतून कुणी बघितलं की चाचाचा ठेका सुटायचा. म्हणून भाऊनं काचेवर पडदा ओढला. तिकडून आवाज यायचा, माणूस दिसायचा न्हाई. पंखा बंद, कारण त्याचा आवाज येतो. आम्ही वडे तळल्यावानी निघालालो होतो.

अन् मी? मी पहिल्याच दिवशी भाऊचा आवाज काढला. गाणं चालू आसताना कोपऱ्यातून म्हणलो, "काका, थांबून राहा जरा." चाचा थांबले, वायरमन थांबले, सगळं गाणं वाया. भाऊ तणतणत बाहेर आला. "परत खेळ केला ना, तर खाली चहाच्या गाड्यावर बसायचं. कळून राहिलं का?"

आप्पा मधी पडले. "आसू द्या भाऊ. पोरगं माझं हाय. हेच्याकडून काय झालं तर मला इचारा."

दुसऱ्या दिवशी दुपारी एस्टीचं गाणं घेतलं. ते आमचं सगळ्यात जुनं गाणं:

एस्टी गेली, धुरळा बसला, मी आपला फाट्यावर
एस्टी गेली, धुरळा बसला, मी आपला फाट्यावर
तुझी पिशवी माझ्या हाती, अन् तू फुडच्या शिटावर

पहिल्या टेकला चाचाची काठी उडाली. दुसऱ्याला आप्पा पिशवीच्या जागी चप्पल म्हणले. तिसरा टेक सुरू झाला. मी दारापाशी फरशीवर बसलो होतो, पायाची बोटंबी हलवायची न्हाईत म्हणून मांडी घालून. पहिलं कडवं झालं. दुसऱ्या कडव्यानंतर पहिली ओळ फिरून आली तवा आप्पा "मी आपला फाट्यावर" म्हणले अन् त्यांचा आवाज मधीच फाटला, कापड फाटावं तसा. अंगठा थांबला. चाचा थांबले. आता गिटारचा सूर यायचा, तो आलाच न्हाई.

मास्तर म्हणले, "हाव."

खालच्या सुरात, हळू. मास्तरचा गाता आवाज मी पहिल्यांदाच ऐकलालो होतो. एकोणीस वर्षं न वापरलेला, पण गंज नव्हता त्याला. आप्पांनी वळून बघितलं न्हाई. डोळे मिटून तीच ओळ परत म्हणले. मास्तर परत म्हणले, "हाव." शेवटपर्यंत दोघं गायले. मी आवाजाचा धंदा करतो, मला माणसाचा आवाज ऐकला की लगेच घशात तो बसवून बघायची सवय हाय. त्या दिवशी घसा गप बसला होता.

गाणं संपलं. चाचा ड्रमकडं बघत होते. आप्पांनी चष्मा काढून धोतरानं पुसला. पडद्यामागून भाऊ म्हणला, "मस्त. पण बेसच्या वायरीत जरा खरखर आली. सेफ्टीला अजून एक घेऊन टाकू."

चौथा टेक एकदम स्वच्छ झाला. एक चूक न्हाई. अन् मास्तर गायले न्हाईत. गिटारचा सूर ठेवला, नेहमीवानी. मला वाटतं तेबी दमले होते. एवढं मोठं काम एका दिवशी दोनदा होत न्हाई.

मग सुट्टी झाली. चाचा नमाजाला गेले, वायरमन बिडी ओढायला. आप्पाला बीपीच्या गोळीआधी काहीतरी खायचं होतं, ते खाली उतरले. मास्तर कुठं गेले मी बघितलं न्हाई. गेले आसतील बाहेर, आसं वाटलं.

खोलीत मी एकटा. समोर आप्पाचा माईक, माईकवर आप्पाचा हेडफोन टांगलेला. मला नुसतं बघायचं होतं की त्या भारी माईकमधी आपला आवाज कसा येतो. हेडफोन कानाला लावला अन् माईकपुढं उभा राहिलो. आप्पाची खाकरणी काढली. हेडफोनमधी ती अशी आली, की मीच दचकलो. दोन्ही कानात आप्पा.

खाकरणी तिकडंबी गेली. पडद्यामागून भाऊ म्हणला, "काका, डिस्क भरून राहिली. शेवटचा क्लीन हाय, तो ठेवू ना? बाकीचे तीन उडवू?"

अन् मी म्हणलो, "हाव. उडवा."

एवढंच. खर्र, लांब हा, अर्धा व. लई भारी निघाला. आजवरचा सगळ्यात भारी. मी तोंडावर हात धरून हसलालो होतो. वाटलं, आता भाऊ पडदा सारून शिवी देईल. आवाज काढायचा, पकडलं जायचं, सगळ्यांनी हसायचं, माझ्या आयुष्यात कायम हेच झालेलं. पडदा हलला न्हाई. मी हेडफोन टांगून खोलीच्या बाहेर गेलो, मोबाईल बघत.

मला माहीत नव्हतं की मास्तर भाऊच्या शेजारी खुर्चीवर बसलेत. ते तिसरा टेक ऐकायला गेले होते. भाऊला म्हणले होते, "तिसरा जरा लावता का, माझा आवाज कसा आलाय बघू." भाऊ म्हणला होता, आधी काकांना विचारतो कुठला ठेवायचा. हे मला भाऊनंच नंतर सांगितलं.

थोड्या वेळानं सगळे खोलीत जमले. मास्तर आधीच येऊन बसले होते, गिटार मांडीवर, मान खाली. आप्पा जिना चढून आले, हातात भज्यांचा पुडा, चेहरा फुललेला. त्यांनी पुडा चाचाला न देता सरळ मास्तरपुढं धरला. अन् पडद्याकडं बघून म्हणले, "भाऊ, तिसरा लावा. मोठ्यानं लावा. मास्तरला ऐकू द्या कसं म्हणलेत ते."

भाऊ दारात आला. "कुठला तिसरा काका? तुम्हीच तर म्हणले उडवा. चौथा ठेवला ना."

"म्या?"

"आत्ता. माईकवरून."

आप्पांनी माईककडं बघितलं. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. माझं तोंड कसं झालं होतं मला माहीत न्हाई, पण त्यांना सगळं कळलं. मी तोंड उघडलंबी होतं, पण त्यातून कुणाचाच आवाज आला न्हाई, माझाबी न्हाई. आप्पाला भाऊची धमकी आठवली आसंल, आपण ह्या पोराची जबाबदारी घेतली तेबी आठवलं आसंल. त्यांना वाटलं आसंल, गाणंच हाय, परत म्हणू.

ते म्हणले, "हाव. म्हणलो आसंल म्या. ध्यानात न्हाई." अन् लगेच मास्तरकडं वळून म्हणले, "जाऊ द्या की मास्तर, पुन्यांदा म्हणू. मगासारखंच म्हणा."

एकोणीस वर्षांत ते मास्तरला पहिल्यांदा सरळ बोलले, चाचाला मधी न घेता. अन् ते हे बोलले.

मास्तरनं गिटार पेटीत ठेवली. घाई न्हाई, राग न्हाई. पट्टा गुंडाळला, कड्या लावल्या.

"चाचा," ते म्हणले, "त्यांना सांगा. एकदा माईक बंद केला तवा ताप व्हता मला, सूर गेला व्हता, मी गप बसलो. आज सूर गेला न्हवता."

"मास्तर, बैठो तो—"

"सांगा त्यांना."

चाचांनी सांगितलं न्हाई. ते आपल्या काठ्या गोळा करायला लागले. मास्तर जिना उतरायला लागले. अठरा पायऱ्या हायेत, मी नंतर मोजल्या. अठरा पायऱ्यांत एक वाक्य बसतं. "मास्तर, ते मी म्हणलो." चार शब्द हायेत. मी दारात उभा होतो अन् मला वाटलालं होतं, आप्पाच म्हणले ना त्यांनी म्हणलं म्हणून, आता मी बोललो तर आप्पा खोटे पडतात. किती सोयीचा विचार सुचतो माणसाला. खालून रिक्षा थांबल्याचा आवाज आला, मग गेल्याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच भाऊकडं जाऊन कबूल केलं. सगळ्यात सोपा माणूस आधी निवडला. भाऊ खुर्चीतून उठलाच. "काय करून राहिला बे तू? अरे, काय करून राहिला?" मग त्यानं उडवलेलं परत आणायचं कसलं तरी सॉफ्टवेअर लावलं. पण मधल्या वेळात त्याच डिस्कवर देवीचं एक गाणं रेकॉर्ड झालं होतं. दोन तास मशीन फिरलं अन् तिसऱ्या टेकमधले अकरा सेकंद निघाले. त्यात चाचाचा खोकला होता.

आल्बम दहाचा सात गाण्यांचा झाला. मास्तर आले न्हाईत, आधी झालेली तेवढीच ठेवली. परत येताना जीपमधी मी मागच्या रिकाम्या सीटवर बसलो होतो. अहमदपूरला चहाला उतरलो तवा आप्पाला बाजूला घेतलं.

"आप्पा, मी मास्तरकडं जाऊन सांगतो."

"काय सांगतूस?"

"की ते मी म्हणलो."

"त्येनं काय हुतंय?" आप्पा बशीतला चहा फुंकत म्हणले. "आजचं तू म्हणलास. उदगीरला कोन म्हणलं व्हतं? तवा तर तू जन्मून सहा-सात वर्साचा आसशील. ते जुनं हाय. त्येच्यात तू पडू नगं."

मी पडलो न्हाई. बरं वाटलं मला, खरं सांगतो. मोठ्या माणसानं सांगितलं म्हणल्यावर आपण मोकळे.

आल्बम यूट्यूबवर टाकला. लातूरला एका हॉलमधी छोटा कार्यक्रम झाला. लोकांना एस्टीचं गाणं सगळ्यात आवडलं. "काय क्लीन रेकॉर्डिंग हाय," एक जण म्हणला. चाचा माझ्याजवळ येऊन पुटपुटले, "क्लीन तो हैं. धुलके सुखाए जैसा हैं." चाचाला माझ्या खेळाचं काहीच माहीत नव्हतं, तरी ते हे म्हणले. मी त्या दिवशी 'पाच गावचं हो' केलं, पण चारच गावं केली. पाचवं मागायला पोरांनी शिट्ट्या मारल्या. मी म्हणलो घसा बसलाय.

शेवटी न राहवून गेलो औश्याला. आप्पाला न सांगता. लातूरहून अर्ध्या तासाचा रस्ता, त्यासाठी मला चार महिने लागले.

मास्तर दुकानात एक जुना रेडिओ उघडून बसले होते. मला बघून स्टूल सरकवलं. भिंतीवर गिटार टांगलेली, तिच्यावर पेपर झाकलेला. मी इकडचं तिकडचं काही बोललो न्हाई. सगळं सांगितलं. हेडफोन, खाकरणी, भाऊचा प्रश्न, माझं उत्तर. आप्पा तवा खाली भजी आणायला गेलते, तेबी सांगितलं.

मास्तरनं वायरी डागायच्या सोल्डरचं बटण बंद केलं. "झालं?"

"हाव."

"चांगलं पाठ केलंस."

"मास्तर, खरं हाय."

"मला आवाज कळत न्हाई व्हय रं? शाळंपासनं ऐकलाव मी त्येला. त्यो त्येचाच व्हता."

"मी त्यांच्यासारखा काढतो ना, म्हणून तर—"

"तू काढतूस, मी ऐकलंय. नक्कल कळती, लेका. स्टेजवर हसाया ठीक हाय. ती नक्कल न्हवती." त्यांनी हातातला स्क्रू डबीत टाकला. "आन् त्येनं सवताच्या तोंडानं कबूल केलं की. सगळ्याम्होरं. त्यो खोटं बोलला व्हय?"

"मला वाचवायला बोलले."

"मला गाडताना दर येळंला त्येला कुणाला तरी वाचवायचंच आसतंय."

 मास्तर माझ्याकडं टक लावून बघत राहिले. मग त्यांचा आवाज जरा उतरला.

"बरं. तूच म्हणलास म्हणतूस ना? मंग काढ त्येचा आवाज. आत्ता. इथं."

"काय म्हणू?"

मास्तरनं रेडिओच्या उघड्या पोटाकडं बघितलं. "म्हण, मास्तर, चुकलं माझं."

मी खाकरलो. घसा तयार होता, खर्र बरोबर जागेवर होती. एका सेकंदाचं काम. अन् तवाच मनात आलं, की परत तेच करलालाव आपण. परत त्या माणसाच्या तोंडात शब्द घालायचे, तो इथं नसताना. ह्यावेळी तर हसायलाबी न्हाई. आयुष्यात पहिल्यांदा मी आवाज काढायचं टाळलं. चांगलं वागायला गेलो.

"न्हाई मास्तर," मी म्हणलो. "हे मी म्हणणार न्हाई."

मास्तरनं वर बघितलं. मग हसले, पण बारीक. "बगितलंस? न्हाई यीत तुला त्येचा आवाज." अन् सोल्डरचं बटण परत चालू केलं. "त्येला सांग, पोराला पाठवू नगं म्हणावं. बोलायचं आसंल तर सवता ये म्हणावं."

"त्यांनी पाठवलं न्हाई मला."

"चहा घेऊन जा."

चहा घेतला अन् आलो. एस्टीत उभाच होतो, जागा आसूनबी. लातूरला उतरून तसाच आप्पाच्या दुकानात गेलो. आप्पा घागरींवरची धूळ झटकत होते. मी सगळं सांगितलं. कुणाचा निरोप आसला की मी तो त्याच माणसाच्या आवाजात देतो, गिऱ्हाईकं हसतात. ह्यावेळी माझ्याच साध्या आवाजात दिला. आप्पांनी ऐकून घेतलं, फडकं हातातच.

"काय म्हण म्हणले ते?"

"मास्तर, चुकलं माझं."

"आन् तू म्हणला न्हाईस?"

"तुमच्या तोंडी मी कसं घालू आप्पा? एकदा घातलं तेवढं बास झालं."

आप्पांनी फडकं घागरीवर टाकलं. घसा आता जास्तच धरलाय त्यांचा, बोलताना निम्मे शब्द हवेतच जातात. "म्हणायचं व्हतंस की रं," ते म्हणले. "खरंच हाय ते. मला तर येवढ्या वर्सात जमलं न्हाई. तुझ्या तोंडून तरी त्येच्या कानावर गेलं आस्तं."

मी म्हणलो, "आप्पा, मग चला. आत्ताच चला. मी गाडी काढतो."

आप्पा उठले. खरंच उठले. टोपी घातली, शटरच्या काठीला हात घातला. मग काठी होती तिथं ठेवली अन् म्हणले, "आज सोमवार हाय. उपास हाय माझा. उपाशीपोटी बोलायचं जमायचं न्हाई. फुडच्या येळंला बगू."

त्याला आता आठ सोमवार झाले. मधले वारबी गेले की सगळे, पण आम्ही दोघं सोमवारच मोजतो.